पोटॅशऐवजी सोडा

नात : तुम्ही चाळीस वर्षं पोरांना रसायन शिकवलंत, आजोबा, तुम्हीच सांगा. सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे केलं. रेणूची साखळी वळून तिची दोन टोकं जुळायला हवी होती, कडं व्हायला हवं होतं. फ्लास्कमध्ये नुसता गोंद.

आजोबा : गोंद म्हणजे टोकं जुळली नाहीत. साखळ्या एकमेकींना चिकटत गेल्या. हे कडं हवंय कशाला?

नात : पोटॅशियम पकडायला. म्हणून तर क्राउन ईथर. कड्यात सहा ऑक्सिजन, सगळे आत तोंड करून. पोटॅशियमचा आयन मध्ये नेमका बसतो. सोडियमचा लहान, तो नीट बसत नाही.

आजोबा : पाठांतर चांगलं आहे. लॅबच्या मॅडम काय म्हणाल्या?

नात : साखळी ज्याची बनते त्या ग्लायकॉलनं हवेतलं पाणी ओढलं असेल म्हणाल्या. स्टोअरवाल्या काकांनी बाटलीचं झाकण सैल ठेवलं असणार. उद्या दहाला त्यांना मेमो देणार आहेत. तिसरा.

आजोबा : तिसऱ्यानंतर?

नात : बदली करतात. लांब कुठेतरी.

आजोबा : झाकण सैल होतं का?

नात : नाही. दोन्ही हात लावले तेव्हा उघडलं.

आजोबा : हं. मग अल्कली कोणती घातलीस?

नात : वहीत कॉस्टिक पोटॅश आहे.

आजोबा : वहीला नाही विचारत गं. तुला विचारतोय.

नात : पोटॅशची बरणी रिकामी होती. स्टोअर बंद झालेलं. शेजारी कॉस्टिक सोडा होता, तशाच पांढऱ्या गोळ्या. म्हटलं, अल्कली ती अल्कली. एकात पोटॅशियम, दुसऱ्यात सोडियम, एवढाच तर फरक.

आजोबा : आणि वही?

नात : वही मी आदल्या दिवशीच लिहून ठेवते. वेळ वाचतो.

आजोबा : वाचला खरा. बरं, तुम्ही सहा भावंडं हात धरून आजीला कवेत घ्यायचात, आठवतं?

नात : शेवटच्या दोघांची बोटं जेमतेम पोचायची. आजी म्हणायची, मी जाड नाही, तुमचेच हात आखूड.

आजोबा : आता आजीच्या जागी मांजर उभं कर. सहा जण धरायला धावले तर?

नात : दोघातिघांच्या हाती लागेल. बाकीचे मोकळे.

आजोबा : आणि मोकळा हात स्वस्थ बसतो का? शेजारच्या पोराचा हात धरतो, ते पोर तिसऱ्याचा. झाली लांबच लांब रांग.

नात : माझा गोंद.

आजोबा : तुझा गोंद.

नात : म्हणजे पोटॅशियम कडं झाल्यावर येऊन बसत नाही? ते आधीपासून मध्येच असतं?

आजोबा : साखळी त्याच्याभोवती वळते, म्हणून टोकं भेटतात. पाहुणा आधी, घर नंतर. सोडियमनंही थोडी कडी झाली असतील, पण बराचसा माल वाया.

नात : मला वाटायचं अल्कलीचं काम फक्त हायड्रोजन काढून घ्यायचं.

आजोबा : पुस्तक वाचून तसंच वाटतं. वही कुठे आहे?

(पिशवीतून वही निघते.)

नात : हे पान फाडून नवीन लिहू?

आजोबा : फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. वर सोडा लिही आणि सही कर.

नात : तारीख परवाची घालू? प्रयोग परवा केला होता.

आजोबा : दुरुस्ती आज करते आहेस ना? मग आजची.

नात : मॅडम मला पुन्हा एकटीला काम देणार नाहीत.

आजोबा : काही महिने तरी नाही.

नात : तुम्ही निदान खोटं तरी बोला.

आजोबा : मॅडम किती वाजता येतात?

नात : साडेनऊला. आल्या आल्या सांगते. पण काका नऊलाच स्टोअर उघडतात. आधी त्यांनाच सांगायला हवं ना? रागावतील का?

आजोबा : रागावतील. त्यांचं बोलून होईपर्यंत तिथंच उभी राहा.