डावीकडचा आवाज

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या बाईंचा चहा केव्हाच निवला होता. समोर मेकॅनिक एका म्हाताऱ्या गृहस्थांना दोन ब्रेक पॅड दाखवत होता.

"काका, दोन्ही एकाच चाकाचे. पुढच्या डाव्या. बाहेरचा अजून नव्यासारखा आहे, आणि हा आतला बघा, घासून पार पत्र्यावर आलाय."

"एकाच चाकात असा दुजाभाव?"

"पिन जाम झालीये. सगळा भार आतल्या बिचाऱ्यानेच सोसला. पण हा मुकाट्याने झिजत नाही हो, चांगला किंचाळतो. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"माझा डावा कान कामातून गेलाय."

"मग शेजारी बसणाऱ्याने तरी सांगायचं!"

"सांगायची ना. जरा कुठे कुईकुई झालं, की गाडी इथे आणेपर्यंत माझा जीव खायची."

"मग या वेळी?"

"या वेळी कोण सांगणार?"

मेकॅनिक पुन्हा चाकापाशी बसला. पिन मोकळी करून त्याने नवे पॅड बसवले आणि हात पुसले.

"चला काका, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा, मी डावीकडे बसून ऐकतो."

"बसा की. फक्त ती सीट मागे सरकवू नका. ठेंगणी होती, पुढे ओढून बसायची."

मेकॅनिक चांगला ताडमाड होता. गुडघे पोटाशी घेऊन तो कसाबसा आत मावला.

"बसलो. निघा."

गाडी फाटकाशी थांबली. उघड्या काचेतून बाईंना काकांचा आवाज ऐकू आला.

"डावीकडून कोणी येतंय का, तेवढं बघून सांगा हं."