उपासाच्या दिवशीची फायनल

२००८च्या मंदीच्या आधी आम्ही जर्मनीत न्युरेम्बर्गला होतो ना, तेव्हा वरच्या मजल्यावर एक ज्यू आजोबा राहायचे. तरुणपणी अमेरिकेत बेसबॉलचे स्टार होते, बरं का! एकदा चहाला आले तेव्हा मी विचारलं, "तुमच्या मोठ्या उपासाला मॅच आली तर? आम्ही एकादशीला साबुदाण्याची खिचडी हाणून बिनधास्त खेळायचो."

"फायनलच आली होती," ते म्हणाले. "वडील फार धार्मिक. त्यांच्यासाठी मी खेळलोच नाही, दिवसभर सिनॅगॉगमध्ये बसलो."

"मग खूश झाले असतील!"

"आल्झो... म्हणजे कसं..." त्यांनी कप खाली ठेवला. "ते तिथे नव्हतेच. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना चुकवून, उपाशीपोटी स्टेडियमवर गेले होते. मला एकदा तरी खेळताना बघायचं म्हणून."