सगळ्यांचे पाच, माझे सहा

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असा शब्द दिलाय मी शिपाईमामांना, पण तुम्ही काही आमच्या शाळेतले नाही, म्हणून सांगते... जरा हळूच, कारण मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभी आहे आणि आत परीक्षक बसलेत.

तर तुम्हाला सांगते, संशय मला पहिल्या दिवसापासून होता. प्रयोग साधा. तारेची एक गुंडाळी, तिचे व्होल्ट मोजायचे, अँपिअर मोजायचे, भागाकार केला की रोध, गुणाकार केला की वॉट. गुंडाळी एकच, मुली चाळीस, आणि एकोणचाळीस वह्यांत तीन व्होल्ट, पॉइंट सहा अँपिअर, उत्तर पाच ओहम. एकीचाही काटा केसभर हलला नाही? आमच्या वर्गात दोघींची घड्याळं एक वेळ दाखवत नाहीत!

माझा काटा मात्र पॉइंट पाचवर. तीन भागिले पॉइंट पाच, सहा. मग सहा व्होल्ट लावले, काटा बरोबर एकवर, पुन्हा सहाच. सगळ्यांचे पाच, माझे सहा. शेजारीण म्हणते, "अगं, काटा कशाला बघत बसतेस, वही बघ." वही तिच्या ताईची, गेल्या वर्षीची, वर्गभर फिरून कोपरे दुमडलेली. म्हटलं, सापडला चोर. पण ताईचे तरी पाच कसे आले? बाईंनी माझ्या वहीवर सही केली, पण शेजारी हे एवढं प्रश्नचिन्ह काढून.

काल शाळा सुटल्यावर मामा गुंडाळी पुसत होते. तिच्यावरची चिठ्ठी जुनी, पिवळी पडलेली, 'पाच ओहम', आणि तार नवीकोरी, चकचकीत. मी त्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. मामा स्टुलावरच बसले.

"जुनी माझ्या हातून जळाली, पोरी. बाईंना सांगायची छाती झाली नाही. नवी तार आणून तेवढीच गुंडाळली."

तेवढीच?

"म्हणजे... कमी पडायला नको म्हणून थोडे वेढे जास्त दिले."

गणवेश शिवावा तशी वाढत्या अंगाची गुंडाळी! आणि उद्या परीक्षकांसमोर मोजायचं म्हणून मामा घाबरलेले. मी वेढे मोजले, अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस वेढ्यांना सहा ओहम, म्हणजे आठ वेढ्यांना एक. म्हटलं, मामा, आठ काढा. काढले, उरलेली तार कापली, पुन्हा जोडलं, तीन व्होल्ट, काटा थेट पॉइंट सहावर. पाच ओहम! गुणाकार एक पॉइंट आठ वॉट, अगदी ताईच्या वहीतल्यासारखा. मामांनी डोळे पुसले, मीही खुशीत घरी गेले, जेवायला बसले, आणि घास हातातच राहिला.

माझी वही! तिच्यात सहाच. शाईने. बाईंच्या सहीखाली.

आता आत एकेक जणी मोजतेय. पहिलीचे पाच. दुसरीचे पाच. ज्यांनी वर्षभर काट्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्या सगळ्या खऱ्या ठरल्या, सगळ्यांचे पाच, माझे सहा, आणि तेही मीच माझ्या हाताने करून ठेवलं. परीक्षक विचारणार, हे सहा आणलेस कुठून? खरं सांगितलं तर मामा बुडाले, नाही सांगितलं तर मी. रात्रभर विचार करून ठरवलंय, मान खाली घालायची आणि म्हणायचं, सर, चाळीस जणींत मला एकटीलाच काटा नीट वाचता येत ना...

आले, बाई, आले.