मापाची कुबडी

चार दिवसांनी आज टँकर येणार होता. रांगेत माझ्यापुढं भामाबाई कुबडी टेकून उभी होती. तिचा भाऊ रामकिसन हंडा घेऊन आला.

"दादा, आज दुकानात नाय गेलास?"

"काढलं मला."

"आगं बाई! कशापायी?"

"तुझ्या कुबडीपायी. आमच्या दुकानात साहेब लोकांच्या गोल्फच्या काठ्या मापानं बनवतेत. मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा, बोटभर जास्त झाली तर कापायची. कशाला? चेंडू मारायला! अन् तुला अपंगांच्या शिबिरात कुबडी कशी दिली?"

"सगळ्यांना एकाच मापाची. काखेत जखम झाली व्हती."

"म्हणून तुझी कुबडी तिथल्या करवतीवर चार बोटं कापली. मालकानं बघितलं. म्हणतो, असली फालतू कामं इथं नाय चालायची."

"माफी मागायची व्हती, दादा."

"मागत व्हतो. तर त्यानं विचारलं, पुन्हा करशील का?"

"मग?"

"मी म्हणलं, करीन. शिबिरात अजून सतरा जणी व्हत्या."

"लई शहाणा हायेस. टेप तरी आणलास का?"

"खिशात हाय."

"मग रांगेतल्या शेवटच्या आजोबांची काठी बघ. लांब पडतीया, खांदा किती वर चढलाय त्यांचा."