लढाईत उपयोगी पडलेली बोली

विष्णुपुरीच्या बसमध्ये वर्षाराणीच्या पुढच्या सीटवर तांड्यावरच्या मायलेकी बसल्या होत्या. लेक कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला निघालेली, आई तिची बॅग मांडीवर घेऊन.

“तुझ्या मैत्रिणींसमोर मी मराठीच बोलीन. आपली बंजारा बोली तोंडातून काढणार न्हाई.”

“आई, अमेरिकेत नवाहो म्हणून लोक हायत. शाळेत आपली बोली बोलली की मास्तर त्यांचं तोंड साबणानं धुवायचे.”

“अगं बाई! लेकरांचं?”

“हाव. मग महायुद्ध लागलं. तसल्याच पोरांनी फौजेचे गुप्त निरोप आपल्या बोलीत धाडले. जपानी कान लावून बसले, एक शब्द कळला न्हाई.”

“मग जिंकले?”

“जिंकले.”

“त्यांच्या आयांना लई बरं वाटलं असंल.”

लेकीनं आईला आपल्या बोलीत हाक मारली.

“याडी.”

“हळू गं. मागची बाई ऐकून राहिली.”

“ऐकू दे की.”

पुढचं सगळं लेक आपल्या बोलीत बोलली, चांगलं मोठ्यानं. वर्षाराणीनं मान पुढं काढून कान लावला. विष्णुपुरी येईपर्यंत तिला एक शब्द कळला नाही. आई पदरानं डोळे पुसत हसत होती, तेवढं दिसलं.