हातात नोको देऊ, बाकावर ठेव

नाई माय, थे मोठी बॅग आता वापस नाई येत. पट्ट्यावरून गेली म्हंजे गेली, आता मुंबईलेच भेटन तुले थे. तिच्यात टाकला असता हा चाकू तं कोनी इचारलंही नसतं — मोठ्या बॅगेत चालते, जवळच्या पर्समंदी नाई चालत, एवढाच कायदा हाय. लहान का मोठा, मिटनारा का उघडा, संत्रं सोलाचा का कांदा कापाचा, थे काई पायत नाई. इमानात मानसाच्या हाताजवळ पातं नाई पाह्यजे, बस. बरोबर हाय त्याईचं. कोनाच्या मनात काय असते, कोनाले माईत? मंग तुले म्हनले असतीन, बाहीर कोनी सोडाले आलं असन तं त्याच्याजवळ देऊन ये, नाई तं डब्ब्यात टाक. हो ना? — मामा आलता? आन् गेला? फोनही उचलून नाई राहिला? गाडीवर असन बाप्पा. बस. अर्धा तास हाय म्हनते ना अजून? मंग बस जरासक. मले देऊन जा थो चाकू, मी ठेवतो. — अंहं! हातात नोको देऊ. बाकावर ठेव, मंग मी उचलतो. कावून थे सांगतो. आंधी बस.

घाबरू नोको, पोरी. मी नत्थुजी. थो बाभळीचा पट्टा दिसते ना, त्याच्या पलीकडे माही नर्सरी हाय, संत्र्याच्या कलमाईची. हाय म्हंजे होती. आता ज्या दिवशी इमान असते त्या दिवशी मी अठी येऊन बसतो. गाडीतून कोनी उतरलं का जवळ जातो, म्हनतो, भाऊ, खिशात चाकू-बिकू, अडकित्ता, असं काई असन तं मोठ्या बॅगेत टाका. अर्धे हासतेत, अर्ध्याईले वाटते म्हातारं चळलं. वाटू दे. मांगच्या हप्त्यात एका मानसाचा अडकित्ता ठेवला — अकोल्याहून घेतला होता त्यानं, सासऱ्यासाठी, पितळी, मोर काढलेला. चार दिवसानं वापस आला, त्याचा त्याले देल्ला. एक पार्बताबाई होती धारनीची, लेकीचं बाळंतपन कराले चालली होती, आन् बाळाच्या उशाखाली ठेवाले घरून इळा घेतला होता पिशवीत! रडत होती अठीच, तू बसली तठी. म्या म्हनलं, माय, इळा मुंबईत भेटते, लेक नाई भेटत, तू जा. — गेली. मंग तिचा इळा म्या धारनीच्या एस्टीत कंडक्टरजवळ देऊन पाठवला. हासू नोको, खरंच पाठवला.

तुले कोनं देल्ला हा? आईनं? — एकटी पोरगी, परकं गाव, म्हनून. हां. आईचा जीव तसाच असते. टाकवत नाई ना डब्ब्यात? मले समजते. आन् चालली कशाले? नवकरी? उद्या हजर व्हाचं हाय? मंग तं इमान चुकलंच नाई पाह्यजे. नाई चुकत, मी हाव ना. तुहं गाव कोनतं? वलगाव? हे काय, घरासारखंच. उद्या जातो आन् तुह्या आईच्या घरी पोचवून देतो. नाव काय आईचं? ललिताबाई. मारोतीच्या देवळामांगं. बरं. इसरत नाई मी.

पाय, भरवसा नाई बसून राहिला तुहा. चेहऱ्यावर दिसते. अनोळखी म्हाताऱ्याजवळ आईची वस्तू कशी द्याची — बरोबर हाय. मंग हा पाय, हा माहा. शिसमाची मूठ, पातं बोटाएवढं. अकोल्याच्या बशीरभाईनं बनवून देल्ला होता, चाळीस वर्स झाले. थो आता नाई राहिला. हा डोळा बांधाचा चाकू हाय. जंबेरीचं, म्हंजे जंगली लिंबाचं, रोप असते ना, पेन्सिलीएवढं जाड झालं का त्याच्या सालीवर चीर देतो आमी, साल उचलतो, आन् चांगल्या संत्र्याच्या झाडाचा एक डोळा काढून आत बसवतो, वरून पट्टी बांधतो. पंधरा-वीस दिवसानं डोळा हिरवा दिसला का लागला, काळा पडला का गेला. माह्या हातचे शंभरातले पंच्यानव लागत. मोर्शी-वरूडचे लोक येत रोपं न्याले. या चाकूनं दुसरं काई नाई कापत आमी, भाजी नाई, सुतळी नाई. आन् हा दुसऱ्याच्या हातात देत नाई. कोनाले पायाचा असन तं खाली ठेवाचा, त्यानं उचलून पायाचा, वापस खाली ठेवाचा. हातातून हातात एकच डाव द्याचा असते — ज्याले आपलं काम देऊन टाकाचं त्याले. माह्या बापानं त्याचा चाकू मले तसाच देल्ला होता, एक शब्द नाई बोलला. आमच्यात बोलत नाईतच. दे हात, हे घे, झालं.

मले एक पोरगा होता. गजेंद्र. — हो, होता.

त्याचं काय झालं — हे पाय, मी सगळ्याईले सांगतो का या लोकाईनं मले जाऊ नाई देल्लं. गावात सांगतलं, सोयऱ्याईले सांगतलं. चाकूपाई म्हाताऱ्याले अडवलं, पोराचं तोंड पाहू नाई देल्लं. लोकं म्हनत, काय कायदे हाय राजेहो! मीही मान हालवो. आता तुले काय सांगू — आयक. सुनेचा फोन आला, गीतांजलीचा. मुंबईच्या दवाखान्यात हायेत म्हने, कावीळ पोटात गेली, डॉक्टर म्हनतेत ज्याले बोलवाचं त्याले बोलवा. आन् थे बाबा-बाबा करून राहिले. बाबा म्हंजे मी. सहा वर्सात थो माह्यासंग एक शब्द बोलला नव्हता, आन् मी त्याच्यासंग नाई. पुतन्यानं, किशोरनं, मोबाईलवर तिकीट काढलं, म्हने काका, दीड तासात पोचता, रेल्वेनं रात जाईन. जिंदगीत पयल्यांदा इमान. धुतलेलं धोतर नेसलो, बंडी घातली, बंडीच्या खिशात हा चाकू ठेवला. दुसरं सामानच नाई, तं मोठी बॅग कुठून राहीन? आन् इसरून नाई ठेवला, पोरी. मुद्दाम ठेवला. त्याच्या हातात द्याले चाललो होतो मी.

कावून? — सहा वर्साआंधी त्यानं तीनशे डोळे बांधले होते. एकट्यानं. बावीस वर्साचा होता, हौशीनं बांधले, रोज सकाळी जाऊन पाये. आन् तीनशेतला एक नाई लागला. एक नाई! सगळे काळे. म्या वीस मजूर बायकाईसमोर म्हनलं — काय म्हनलं थे सांगू का? — म्हनलं, तुह्या हातात मढं हाय. असं म्हनलं म्या. पोराले. त्यानं आपला चाकू मातीत ठेवला, हात धुतले आन् घरात गेला. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली. तिकडेच नवकरी, तिकडेच लगन, लगनाले मी नाई गेलो. माही बायको गेली होती. वापस आली आन् सांगे, तुमच्यासाठी पाट मांडला होता त्यानं, कोनाले बसू नाई देल्लं त्यावर. म्या आयकलं नाई आयकल्यासारखं केलं.

आन् त्याच्या हाताचा दोस नव्हताच! हे कोनाले नाई माईत, बायकोलेही नाई सांगतलं, थे वारली तरी नाई सांगतलं. त्या सालच्या थंडीत मोटर जळली होती, दहा दिवस रोपाईले पानी नव्हतं. पानी नसलं का जंबेरीची साल सुटत नाई, आन् साल सुटली नाई तं डोळा लागत नाई, हात कोनाचाही असो. माह्या बापाचा हात असता तरी नसता लागला. हे मले त्याच दिवशी माईत होतं. म्या नखानं साल पायली होती ना! वाळलेली. मोटर दुरुस्त कराले मीच आज जातो, उद्या जातो करत होतो. बायका हासल्या असत्या माह्यावर. म्हनून त्याच्यावर ढकललं. — असं पाहू नोको माह्याकडे. पाय, पाय. पायासारखंच काम हाय.

तं आलो अठी. तपासनीच्या तठी एक बाई होती खाकीतली, चांगली होती, आपल्याकडचीच. तिनं चाकू काढला, म्हने, काका, हा नाई नेता येत. म्या म्हनलं, हा चाकू नोहे माय, हा डोळा बांधाचा हाय. तिले काय समजते? तरी हासली नाई थे. म्हने, बाहीर कोनी असन तं देऊन या, मी थांबवते तुमच्यासाठी जरासक. बाहीर किशोर होता का? नव्हता, दुकान उघडाले गेलता. मी वापस गेलो. थे म्हने, काका, पाच मिन्टं राहिले, डब्ब्यात टाका आन् जा, मी लावते तुमाले पुढं. कोन आजारी हाय? — म्या म्हनलं, पोरगा. तं तिनं डब्बा माह्याकडे सरकवला. म्हने, काका, टाका थो चाकू! टाका आन् जा!

अडवलं कोनी मले? कोनीच नाई अडवलं.

हात डब्ब्यावर नेला म्या. आन् मनात आलं, चाकू नसला तं तठी जाऊन करू काय? खाटेजवळ उभा राहीन, थो डोळे उघडन, आन् मले बोला लागन. चुकलं म्हना लागन. चाकू त्याच्या हातात देल्ला असता तं थो समजला असता, एका शब्दाची गरज नव्हती. रिकाम्या हातानं गेलो तं तोंडानं बोला लागते ना पोरी! आन् थे मले जमत नाई. थे कधी केलंच नाई आमच्या घरात कोनी. भेलो मी. सत्तर वर्साचा मानूस, भेलो. चाकू खिशात टाकला आन् बाहीर आलो. या बाकावर बसलो. याच. अठून इमान उडालेलं दिसते, त्या बाभळीवरून वळते. दिसलं. सांगू का — हलकं वाटलं मले. बरं झालं वाटलं. संध्याकाळच्या रेल्वेनं जाऊ, चाकूही जाईन, रेल्वेत कोन पायते. असा इचार केला म्या, भज्याची पुडी घेतली आन् खाल्ली. अठीच बसून खाल्ली.

सकाळी पोचलो. दीड तास आंधी गेला होता थो.

गीतांजलीनं इचारलं, बाबा, इमानाचं तिकीट होतं ना? म्या म्हनलं, चाकूपाई अडवलं. थे म्हने, कशाचा चाकू? खिशातून काढून दाखवला. मंग म्हने, सांजेलोक दाराकडे पायत होते थे. नर्स आली का म्हनत, बाबा? — रिकाम्या हातानं आले असते बाबा, तं काय झालं असतं? एवढंच म्हने, आन् बाजूले झाली. म्या हा चाकू त्याच्या हातात ठेवला. थंडे पडलेले बोटं वाकवले त्याचे. मूठ बंद नाई झाली. सुटून खाली पडला, फरशीवर. आवाज झाला. मीच उचलला.

तं म्हनून बसतो अठी. म्हनून हातात घेत नाई कोनाचा चाकू, बाकावर ठेवा म्हनतो. दुसरं काई नाई. आता — अगं, किती वाजले? थे पाय, आत बोलावून राहिली थे बाई, तुलेच बोलावून राहिली. ऊठ! मी तं बोलतच बसलो, माहं काय, मले कुठी जाचं हाय? ऊठ ऊठ. मले द्याचा नसन तं डब्ब्यात टाक, आई रागावत नाई. तिले उतरल्यावर फोन कर. पोचली एवढंच नोको सांगू, बोल जरासक. — काय? मलेच देतं? बरं. ठेव तठी. बाकावर ठेव म्हनलं ना. असा हातात कावून धरून राहिली, घाईत बोट कापून घेशीन... बरं, दे. दे हातात. पातं मिटलं ना? मूठ माह्याकडे कर. हां.

गरम हाय गं मूठ. — काई नाई, काई नाई म्हनलं. जा. मांगं पाहू नोको. पळ म्हनतो ना!