उणे अठराची हिरवी रेघ

मी मूळची कल्याणची. आई मंडईबाहेर कोथिंबीर-मिरच्या विकायची, मी दहावी नापास, पण इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. लग्न होऊन कोलशेतला आले, नवऱ्याची कंपनी बंद पडली, तेव्हा मंगलने मला फॅक्टरीत लावलं. मंगल म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतली, माझ्या लहानीला तिनेच न्हाऊमाखू घातलेलं, तर ती म्हणाली सुने, चल गं, थंडी वाजते पण पगार वेळेवर होतो. वाटाणे, मक्याचे दाणे, पराठे, सगळं गोठवून उणे अठरावर ठेवायचं. दर तासाला काटा बघून वहीत आकडा लिहायचा, आणि काय सांगू तुम्हाला, आम्ही सकाळीच अख्ख्या दिवसाचे आकडे लिहून मोकळ्या व्हायचो.

मग ते सॉफ्टवेअर आलं. थंड खोलीत सेन्सर, दारावर सेन्सर, बाहेर स्क्रीन. गारवा जरा कमी झाला की स्क्रीनवरची रेघ लाल, आणि लाल झाली की ठाण्याच्या ऑफिसात साहेबांच्या मोबाइलवर बोंब. मला अक्षरं येतात म्हणून स्क्रीनपुढची खुर्ची मला मिळाली. बायका जळल्या, मी म्हटलं जळा. सुपरवायझर म्हणाला, सुनंदाबाई, लाल दिसली तर परत आत पाठवीन. आता बायका हात शेकायला सारख्या बाहेर यायच्या, दर वेळी दार उघडायचं, दर वेळी रेघ वर. तर त्याने काय केलं, दार आतून उघडायचा खटकाच काढून टाकला. वीस मिनिटं झाली की मी बाहेरून उघडायचं, असं ठरलं. मी काही बोलले नाही, कशाला बोलू, मी थोडीच आत जाणार होते!

त्या दिवशी दुपारी लाईट गेली, आली तोवर रेघ लालभडक, आणि तपासणीची माणसं यायला निघालेली. आतले खोके नीट लावून घे म्हणून सुपरवायझरने मंगलला एकटीला पाठवलं, तिचे हातमोजे वाटाणे धुण्याच्या कामाने ओले, ती म्हणाली बदलून येते, तो म्हणाला नाटकं नकोत. वीस मिनिटांनी तिने ठोकलं. मी बघितलं, उणे सतरा. आत्ता उघडलं तर रेघ परत चढणार. मनातल्या मनात म्हटलं थांब गं मंगल, पाच मिनिटं. ती ठोकत राहिली, सुने, अगं सुने, मग मला शिव्या, मग माझ्या आईला, मग नुसतंच हळू हळू ठोकणं. मग तेही नाही. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. अर्ध्या तासाने रेघ हिरवी झाली आणि मला आनंद झाला हो, मेलीला मला आनंद झाला, मी आधी सुपरवायझरला हाक मारली, सर, झालं हिरवं, आणि नंतर दार उघडलं.

उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. ठाण्याहून साहेब आले, त्यांनी त्या दुपारच्या रेघेचा कागद काढला, बघून म्हणाले, लाईट जाऊनही माल वाचला, शाबास. मग मला विचारलं, बाईने दार ठोकलं होतं का? सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं मशीनचा आवाज असतो साहेब, मला काही ऐकू आलं नाही. झालं, ओले हातमोजे घालून गेली ही मंगलची चूक ठरली, आणि तिला घरी बसवलं.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, तिला बोलवावंच लागलं, शेजारीच राहते. मी तिला कुंकू लावलं, तिने मला लावलं, म्हणाली डाव्या हाताने लावते, राग मानू नकोस. आणि मग सगळ्या बायकांत विचारलं, सुने, तुला खरंच ऐकू आलं नव्हतं ना गं? कधीकधी मनात येतं, म्हणून विचारते. मी म्हटलं नाही गं, मुलीची शपथ. ती म्हणाली, मग झालं तर, देव तुझं भलं करो, आणि वाण घेऊन गेली.

खुर्ची अजून माझीच आहे. मुलीचं कॉलेज व्हायचंय, सोडून कुठे जाऊ? खटकाही अजून बसवलेला नाही. तुम्ही लिहा सगळं, फक्त नावं बदला, आणि छापून आलं तर आमच्या चाळीत देऊ नका. मंगल सगळं वाचते.